शिमग्याच्या दिवशीची सही

दुसऱ्याची सही मारण्यात माझा हात धरणारा अख्ख्या बिरवाडीत सापडायचा नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात येते, तेव्हा घरचा कर्ता घरात हवाच. आमच्या केमिकल कारखान्यातली पोलादपूरकडची माणसं त्या दिवशी गुपचूप गावी पळायची आणि खाडा लागू नये म्हणून मी, स्टोअरचा कारकून, त्यांच्या नावापुढे ऐटीत सह्या ठोकायचो. अर्धी पाळी मी एकट्यानं हजर ठेवलेली आहे.

त्यातली एक सही माझ्या मावसभावाची, दादाची. दादा गावात पालखी नाचवत होता आणि रजिस्टरप्रमाणे रिॲक्टरवर उभा होता. त्या रिॲक्टरात मालकानं त्या दिवशी काय शिजवलं, ते धाड पडल्यावर कळलं. अमली पदार्थ बनवले, कटात सामील झाला, म्हणून दादाला दहा वर्षांची सजा लागली. तो गावात होता, हे गावकऱ्यांनी सांगितलं, पण कोर्टानं रजिस्टरातली सही धरली. सही कुणाची, हे त्यानं कोर्टात शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी साक्षीला गेलो नाही. पोटात दुखतंय म्हणालो, आणि खरंच दुखत होतं.

सही माझी, हे दादाच्या बायकोला, वहिनीला, ठाऊक होतं; अपिलासाठी ती मला महाडला वकीलबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी रजिस्टरची नक्कल उघडली. दादाविरुद्ध पुरावा म्हणजे ही एवढी सही, बाकी काही नाही, म्हणाल्या. पण अपिलात जुनीच फाइल वाचतात. नवा साक्षीदार आणायचा तर कोर्टाची खास परवानगी लागते, आणि इतकी वर्षं तो गप्प का होता, हे पहिलं विचारतात.

माझं नाव न घालता जमेल का, असं मी हसत हसत विचारलं. बाई हसल्या नाहीत.

"सही तुमची म्हटल्यावर सरकारी वकील म्हणतील, कटात तुम्हीही होतात."

त्या दिवशी मी कामावर होतो. स्टोअरपासून रिॲक्टर वीस पावलांवर.

वहिनी पिशवीचा बंद पिळत होती. "भावजी, तुमी नाय बोललात तर ते आतच म्हातारे होतील."

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. दादाची सही करून दाखवताना पहिले तीन कागद वाया गेले. चौथ्यावर हुबेहूब उतरली. मग प्रतिज्ञापत्राखाली माझी स्वतःची केली.

अर्ज दाखल झालाय, तारीख पडलेली नाही. वाडीत अनोळखी गाडी थांबली की दादा आला असं वाटून वहिनी धावत अंगणात येते. पोलीस असतील म्हणून मी मागच्या पडवीत जाऊन उभा राहतो.