अर्धा ठेवलेला सिनेमा

मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा जाण्याआधी त्यानं आमच्या इथल्या घरच्या टीव्हीवर त्याचं सिनेमाचं ॲप चालू करून दिलं. माझ्यासाठी 'आई' असा वेगळा चौकोन केला, त्यावर एक हसरं तोंड. मी मात्र पहिल्याच दिवशी त्याच्या चौकोनात शिरले. चष्मा सापडला नाही, असं त्याला सांगितलं. खरं म्हणजे 'आई'त काहीच नव्हतं, आणि त्याच्यात तो होता.

त्याचे वडील गेल्यापासून सकाळचा चहा मी एकटीच घेते. कप हातात घेऊन टीव्ही लावायचा आणि त्यानं काय पाहिलंय ते बघायचं. रविवारी एका मालिकेचे सलग सहा भाग म्हणजे स्वारी दिवसभर खोलीबाहेर पडलेली नाही. जुना विनोदी सिनेमा म्हणजे ऑफिसात काहीतरी बिनसलंय. बारावीतही त्याचं हेच औषध होतं. फोनवर विचारलं की ठरलेलं उत्तर, "बरा आहे की."

कितीतरी सिनेमे तो अर्ध्यावर सोडायचा. खाली लाल रेघ मधेच थांबलेली असायची. मी शाळेत शिकवायचे तेव्हा तो माझ्याआधी घरी यायचा आणि डब्यातली शेंगापोळी अर्धी खाऊन अर्धी माझ्यासाठी झाकून ठेवायचा. मला ते आठवायचं. उरलेला सिनेमा मी पाहून टाकायचे. मग मीही मुद्दाम अर्धे ठेवायला लागले, आणि दोन-चार दिवसांनी रेघ शेवटाला गेलेली असायची. तो माझ्यासाठी ठेवतो की त्याला झोप लागते, हे मी कधी विचारलं नाही. विचारून घोटाळा कशाला करा.

मग या ॲपवाल्यांची भाऊबंदकी सुरू झाली. जुने सिनेमे एकाकडे गेले, मालिका दुसऱ्याकडे, आणि शेवटचे दोन भाग तिसऱ्याकडेच. आधी जाहिराती नव्हत्या, त्याही आल्या. प्रत्येक ठिकाणी ओटीपी, आणि तो मुलाच्या फोनवर. तेवढ्या निमित्तानं त्याचा आवाज कानावर पडायचा, म्हणून मी फार कुरकुर केली नाही.

एका सकाळी पडद्यावर पाटी आली : हा टीव्ही तुमच्या कुटुंबाचा भाग नाही. चष्मा लावून पुन्हा वाचली. तीच होती. डोकंच फिरलं माझं. कोण कुठलं ॲप, आणि ते मला माझं कुटुंब शिकवणार.

फोन लावला. तो म्हणाला, "आई, आता एका घरापुरतंच चालतंय ते. माझं घर हितलं धरलंय त्यांनी."

"बरोबर धरलंय की," मी म्हणाले. आवाज नीट ठेवला.

"तुला तुझं वेगळं घेऊन देतो. माझी लुडबुड नाही, तुला पाहिजे ते बघ."

त्यानं तिथूनच सगळं करून दिलं. लई गुणाचं पोर आहे, त्याच्यावर रागवायला जागा नाही. नव्या ॲपमध्ये मी एकटीच आहे. मी काल काय पाहिलं, तेच ते मला आज दाखवतं. आता तो बरा आहे की नाही, हे कळायला त्याच्या "बरा आहे की" वरच विसंबायचं. एकटं वाटतं, ते लपवून मी कुणाला फसवणार?

मागच्या महिन्यात सवयीनं एक सिनेमा मध्यंतराला थांबवला. चार दिवसांनी पाहिलं, रेघ तिथंच. आठवड्यानं पाहिलं, तरी तिथंच. काल चहा घेऊन बसले आणि उरलेला अर्धाही मीच पाहिला.