मामांचे सैतान आणि माझं कुंकू

अठराव्या वर्षी मी एका विलायती सैतानाच्या कपाळाला तेलात कालवलेलं कुंकू लावलं. नातवंडं आज हसतात, हसू देत. तेव्हा मी मॅट्रिक नापास होते, पण अक्कल गावाला वाटून उरेल असं मला वाटायचं. थोडा दोष माझ्या नवऱ्याच्या मामांचाही आहे म्हणा. भुतांना भिणारी माणसं मालवणात घरटी सापडतील. परदेशातून भुतं आणून, चौकटी करून बैठकीत टांगणारा माणूस अख्ख्या किनाऱ्यावर तो एकच.

मामा आगबोटीवर इंजिनाकडे होते. कुठल्याशा बंदरात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी ती चित्रं घेतली होती: तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, गॉथिक चर्चांच्या कठड्यांवरून वाकून बघणारी, शिंगांची, वटवाघळाच्या पंखांची मंडळी. नोकरी संपल्यावर या एकट्या माणसाने तारकर्लीच्या वाटेवर स्लॅबचं घर बांधलं, मोझॅकची फरशी केली, पाव्हण्यांसाठी आठ खुर्च्या आणल्या आणि भिंतींवर हे लोक बसवले. रोज सकाळी दाढीच्या ब्रशाने त्यांची धूळ झाडायचे. जीभ काढलेला स्वयंपाकघरात, कारण "तेका तिखट लागला!" माणूस गिळणारा जेवणाच्या टेबलासमोर: "ह्येच्याकडे बघून जेवा, कमी जेवशात." पाव्हणे कमी जेवले नाहीत; आलेच नाहीत. कोळीण फाटकातूनच ओरडायची, "मामांनू, बांगडे हयसर ठेवतंय! तुमचे ते पावणे बघून माझी टोपली बाटतली!" मामा हसायचे. पण त्यांचा संध्याकाळचा डबा पोचवायला मी जायचे, तेव्हा न वापरलेल्या आठही खुर्च्या पुसताना मी त्यांना पाहिलंय.

एका अमावास्येला मामा चौकटींना बसवायच्या काचा आणायला बाजारात गेले होते. मी घाटाखालच्या खेड्यातली. जागेच्या राखणदाराला मान दिला नाही तर तो घरात माणूस टिकू देत नाही, हे मला पक्कं ठाऊक. सगळ्यात मोठ्या शिंगांचा, तोच राखणदार! मी नारळ ठेवला, हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या घरात माणसांची ये-जा होवंदे रे म्हाराजा," आणि त्याच्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं. कागद तेल प्यायला. कुंकू नाकापर्यंत उतरलं. पुसायला गेले तर सैतानाला लाल मिश्या फुटल्या.

तेवढ्यात मामा दारात. हातातल्या काचा खाली ठेवायच्याही विसरले. मी रडत घरी गेले आणि रडतच शेजारणीला सगळं सांगून बसले. झालं! दुसऱ्या दिवशी कुंकू लावलेला सैतान बघायला बाया लोटल्या. सगळ्यांत पुढे कोळीण, टोपलीसकट. आठ खुर्च्या पुरल्या नाहीत. मामा घामाघूम होऊन चहा गाळत होते.

मामा जाऊन किती वर्षं झाली. तो लाल मिशीवाला आता माझ्या बैठकीत असतो, उघडाच. त्या संध्याकाळी बाया गेल्यावर मामांनी बाकी सगळ्या चौकटींना काचा बसवल्या, एक हातात उरली. ती भिंतीला टेकवून ठेवत ते मला म्हणाले, "गो पोरी, ह्येका काच घालूचंय नाय. कोण येयत तेका कुंकू लावंदे."