कॉफीचं पाणी आणि भोईरांचे जिताडे

किस्से गोळा करायचे असं आम्ही ठरवलं नव्हतं. आम्ही पाणी गोळा करायला निघालो होतो. पण नाल्याकाठी वाकून बाटली भरायला लागलं, की पाण्याआधी माणसं जमतात आणि प्रत्येक जण काहीतरी बोलून जातो. बाटल्या धुता येतात, ही वाक्यं डोक्यातून जात नाहीत!

आमचं मंडळ तिघांचं. मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. नातूबाई आमच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. आणि कोपरचे भोईर. त्यांच्या शेतांवर केव्हाच इमारती उभ्या राहिल्या, पण खाडीलगतचं वडिलांचं तळं त्यांनी बिल्डरला दिलं नाही. त्यात ते जिताडे मासे पाळतात. भरतीच्या वेळी बांधावरचं लाकडी दार, त्यांच्या भाषेत उघाडी, वर केली की खाडीचं ताजं पाणी आत येतं. मानपाड्याकडे इन्स्टंट कॉफीचा कारखाना सुरू झाला आणि नाल्यातून खाडीत तपकिरी पाणी येऊ लागलं. पहिल्याच उधाणाला निम्मे जिताडे पोट वर करून तरंगले.

"सर, उरलेले तरी वाचवा," भोईर म्हणाले. एवढंच मागणं.

*

सह्या घ्यायला मी आमच्या सोसायटीपासून सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी कागद वाचलासुद्धा नाही.

"इतकी वर्षं अ‍ॅसिडच्या वासाने डोकी उठली आमची. आता कुठे डोंबिवलीत चांगला वास येतोय, तर तुम्ही तक्रार करताय!"

*

पाण्यातला ऑक्सिजन मोजायची एक जुनी रीत आहे. बाटलीत दोन रसायनं घालायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. नाल्याच्या पाण्यात पांढराशुभ्र साका बसला. मला वाटलं, रसायनंच जुनी झाली असणार. घरच्या नळाचं पाणी तपासलं, तर तपकिरी. पुन्हा नाल्याचं घेतलं, पांढरा. तरी माझं समाधान होईना.

बायको ओट्यावरच्या बाटल्या बाजूला सारत म्हणाली, "पीएचडी मिळाली तेव्हाही तुम्ही हेच म्हणत होतात. चुकून दिली असेल म्हणून!"

*

शेवटी कारखान्याच्या मॅनेजरना भेटलो. तरुण, नम्र माणूस. "सर, केमिकल नाहीच आमच्याकडे. कॉफी आहे. शंभर टक्के ऑरगॅनिक!"

मी वर्गात शिकवावं तसं सांगितलं. ऑरगॅनिक आहे म्हणूनच तर घोटाळा आहे. धुवणातून आलेला हा माल पाण्यातले जीवाणू खातात, खाताना ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरून मरतात. त्याने मन लावून ऐकलं. मला बरं वाटलं.

"म्हणजे सर," तो म्हणाला, "चूक जीवाणूंची आहे!"

वर त्याने कॉफी पाजली. कॉफी उत्तम होती, याचाच मला जास्त राग आला.

*

एकदा पुलावर गर्दी दिसली. खाली खाडीतले बोईट मासे पाण्याच्या वर तोंडं काढून उघडमीट करत होते आणि वरून लोक पावाचे तुकडे टाकत होते. एक मुलगी मोबाईल धरून उभी. "बघा ना, किती भूक लागलीय बिचाऱ्यांना!"

नातूबाई कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी किंचाळल्या. "अगं, भूक कसली? श्वास कोंडलाय त्यांचा! मरतायत ते!"

मुलगी दचकली. मग मोबाईल पुढे करून म्हणाली, "काकू, हेच परत एकदा बोलता? मघाशी रेकॉर्डिंग चालू नव्हतं."

*

तक्रारीवर तपासणीला सरकारी अधिकारी आले. त्या दिवशी नाला इतका नितळ, की तळाचा टायर दिसत होता! "वय झालं की रंग जरा गडद दिसतात, सर," असं म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी पाणी तपकिरी. पुन्हा तक्रार केली, पुन्हा साहेब आले, पुन्हा पाणी नितळ. मी मुकाट्याने डोळे तपासून आलो. डोळ्यांत दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग मात्र माझा तोल गेला. वर लिहू, कोर्टात जाऊ, पेपरात छापू, असं मी बराच वेळ बडबडत होतो.

भोईर शांतपणे तळ्याकडे बघत होते. महिनाभर उघाडी बंद होती. पाणी शिळं झालं होतं आणि उरलेले जिताडे सुस्तावले होते. त्यांनी फोन काढला, स्पीकरवर टाकला.

"साहेब, कोपरवरून भोईर बोलतोय. तुमची चक्कर कधी हाय?"

"का? परत तक्रार?" साहेब वैतागले.

"नाय हो, तक्रार कशाला? तुमी येता त्या दिवशी पानी साफ असतं ना. तेवढ्यात उघाडी उघडून घेतो. जमलं तर पुनवेला या, भरती मोठी असते."

पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग साहेब हळू आवाजात म्हणाले,

"पौर्णिमेलाच येतोय. पण कुठे बोलू नका हं, सरप्राइज व्हिजिट आहे!"