हणमंतदादांची आठची घंटा

त्या मंगळवारी सकाळी आठ वाजून एक मिनिटानं माझ्या फोनची घंटा वाजली आणि मी ती बंद केली. एवढंच केलं मी. साताऱ्यातल्या आमच्या घराच्या बाल्कनीत चहा घेत शब्दकोडं सोडवत होतो, एक शब्द अडला होता, त्यात ही घंटा. पडद्यावर तांबड्या अक्षरांत आलं होतं, ‘हणमंत अजून उठला नाही.’ झालं यांचं सुरू, असं मनात म्हणून मी अंगठ्यानं ते बाजूला सारलं आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं. दहाच्या सुमारास सांगलीहून दादांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. तो माझ्या बायकोनं, सुमननं घेतला. हणमंतदादा म्हणजे तिचे थोरले भाऊ. ते झोपेतच गेले होते. डॉक्टर म्हणाले, पहाटे चार-पाचलाच गेले असणार. म्हणजे आठला कळूनही उपयोग नव्हता, असं मी स्वतःला समजावलं. पण डॉक्टर लोक नातेवाइकांच्या तोंडाकडं बघून वेळ सांगतात, असा माझा जुना संशय आहे.

सांगलीला जाताना गाडीत सुमननं एकदाच विचारलं, “तुमच्या फोनवर काय आलं नव्हतं ना?” मी म्हटलं, “नाही.” ती खिडकीबाहेर बघत राहिली... त्या दिवसापासून सव्वा महिना ती माझ्यावर संशय घेतेय, असा संशय मी तिच्यावर घेत होतो.

ही घंटा काय प्रकरण होतं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. दादा माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडचे. घरी मेंढरं. शिकून सांगलीला आले ते अशा काळात, की काँप्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवळात गेल्यासारखं. तिथं ते एकच भाषा शिकले आणि तीस-बत्तीस वर्षं तीच पुरवली. कृष्णेकाठच्या एका पाणीसंस्थेसाठी त्यांनी प्रोग्रॅम लिहिला होता. कुणाच्या उसाला कधी पाणी, किती तास, पाळी चुकली तर पुढची कधी. निळा पडदा, पिवळी अक्षरं. लोक एकमेकांवर आणि संस्थेच्या चेअरमनवरही संशय घ्यायचे, पण त्या पिवळ्या अक्षरांवर कुणी घेत नसे. दादा मात्र स्वतःच घ्यायचे. “चालतंय म्हंजी बरोबर हाय असं न्हाई,” असं ते म्हणायचे, आणि सगळं नीट चाललेलं असताना सायकल काढून बांधावर जाऊन खरंच पाणी आलंय का ते बघून यायचे.

निवृत्त झाले, पाठोपाठ वहिनी गेल्या. मूलबाळ नव्हतं. विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत ते, एक जुना काँप्युटर आणि वहिनींनी भरलेलं त्याच्यावरचं कापड, एवढेच उरले. सुमन रोज फोन करायची. आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं, की मी आता मोबाईलचं अ‍ॅप करायला शिकतोय.

मला वाटलं, एकटेपणानं डोकं फिरलं. मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ‘उद्या पुस्तक आणून देतो’ म्हणणाऱ्यांवर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. मी म्हटलं, “दादा, पासष्टाव्या वर्षी नवीन भाषा शिकणार तुम्ही?”

“नवी कशाला? जुन्या भाषेत लिवलेलं फोनात चालतंय आता. तसलं साधन निघालंय. औत घरचंच हाय दाजी, रान तेवढं नवं हाय.”

रान मात्र वाटलं त्याहून खडकाळ निघालं. दादा वहीच्या चौकटीच्या कागदातून फोनाएवढे तुकडे कापायचे, त्यावर पेन्सिलीनं बटणं काढायचे आणि जेवायला गेलेल्या पाहुण्याला ताटाआधी कागद देऊन म्हणायचे, “दाबा.” पहिलं बटण त्यांनी काँप्युटरच्या सवयीनं हरभऱ्याच्या डाळीएवढं केलं होतं. सुमननं कणकेच्या बोटानं दाबून बघितलं, तर शेजारची दोन दाबली गेली. दादा बराच वेळ स्वतःच्या बोटाकडं बघत बसले. “काँप्युटरवरच्या बाणाला बोट नसतंय, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई गं सुमे...” दुसऱ्या दिवशी बटण पडदाभर झालं. मग कळलं, की फोन बॅटरी वाचवायला त्यांच्या प्रोग्रॅमला परस्पर झोपवतो. हे त्यांना फारच लागलं. काँप्युटरवर प्रोग्रॅम घरमालक असतो आणि फोनवर भाडेकरू, असं म्हणून ते तीन आठवडे त्या झोपेच्या मागं लागले होते.

तयार झालं ते असं. पडदाभर एक हिरवं बटण, त्यावर ‘उठलो’. आम्ही तिघांनी सकाळी आठच्या आत आपापल्या फोनवर ते दाबायचं. ज्याचं राहील, त्याच्या नावानं बाकीच्या दोघांच्या फोनवर घंटा वाजणार. निरोप सगळे दादांच्या खोलीतल्या जुन्या काँप्युटरवरून जायचे.

अ‍ॅप माझ्या फोनात घालताना फोननंच इशारा दिला, की हे अनोळखी ठिकाणचं आहे, धोका असू शकतो. मी दादांकडं बघितलं. दादा म्हणाले, “अनोळखी कसं? मेव्हण्याचं हाय.” त्यांनी परवानग्यांवर टिचक्या मारल्या आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. मेव्हणा सांगलीत बसून आमच्या घरातलं ऐकत असणार! पुढं कित्येक दिवस फोन जवळ असला की मी सुमनच्या भाजीची मोठ्यानं तारीफ करत होतो. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “काय केलंय तुम्ही?”

एकदा मी दादांना सरळच विचारलं, की हे सगळं कशाला, रोज बोलतो की आपण. ते म्हणाले, “आमच्यात सांजच्याला मेंढरं मोजत्यात दाजी. वाड्याच्या तोंडाला बसायचं, एकेक आत सोडायचं. एक जरी कमी आलं, तर जेवायच्या आधी माणूस बाहेर पडतो. मागनं न्हाई, जेवायच्या आधी. फोनवर काय, कुणीबी बरं हाय म्हणतंय.”

मग आला तो रविवार. आठला घंटा वाजली, ‘हणमंत अजून उठला नाही.’ फोन लावला तर उचलेनात. गॅसवरचं पिठलं तसंच टाकून आम्ही निघालो. कराडला मी चहाला थांबू का विचारलं, तर सुमननं असं बघितलं, की मी गाडी आणखी जोरात हाणली. विश्रामबागेत पोचलो, तर दादा पायरीवर बसलेले. मांडीवर वही, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ.

“दोन तास पन्नास मिनिटं,” ते म्हणाले. “लय येळ लावलासा दाजी.”

चाचणी होती ती! घंटा वाजल्यावर खरंच माणूस येतं का, हे बघायची.

“दादा, तुला काय वाटतं का न्हाई?” सुमन ओरडली आणि तिथंच पायरीवर बसून रडायला लागली. “मी सगळ्या वाटंनं तुला पांढऱ्या कापडात बघत आले रं! काढून टाकणार मी हे तुझं फोनमधनं. आजच काढणार.” दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मध्येच धरून ठेवला. मग आत जाऊन तांदूळ निवडायला बसले.

त्यानंतर घंटा दोनदा वाजली. एकदा दादा न्हाव्याकडं होते, एकदा फोननं पुन्हा प्रोग्रॅमला झोपवलं होतं. सुमननं अ‍ॅप काढून टाकलं आणि दादांनी तिचं नाव मोजणीतून गाळलं, असं मी धरून चाललो, त्यामुळं दोन्ही वेळा मीच गुपचूप फोन लावून खात्री केली. आणि चौथ्यांदा, त्या मंगळवारी, तीही केली नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं विश्रामबागेतलं घर आवरायला गेलो. शेजाऱ्यांनी त्या दिवशीच विजेचं मुख्य बटण बंद करून कुलूप लावलं होतं. आत अंधार आणि बंद कपाटाचा वास. सुमन स्वयंपाकघरात डबे उतरवायला लागली. मी वीज चालू केली, पंखा लावला आणि दादांच्या टेबलाशी बसलो. काँप्युटरवरचं भरतकामाचं कापड दादांच्या पद्धतीनं दोन घड्या करून बाजूला ठेवलेलं होतं. त्यावर ती वही होती. पेन्सिलीतलं बारीक अक्षर. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बघावं, म्हणून मी आधी ‘दाजी’ शोधलं. माणसाचा स्वभाव.

‘सुमी आन दाजी न जेवता आले. प्रोग्रॅम पास. मी नापास. सुमी लय रडली. घरची माणसं चाचणीला घ्यायची नसत्यात. पुन्हा मुद्दाम घंटा वाजवायची न्हाई.’

त्याच्या खाली झोपेच्या खटपटी होत्या, खाडाखोड होती आणि सगळ्यात शेवटी एक ओळ. ‘महिना झाला, एकबी खोटी घंटा न्हाई. आता वाजली तर खरी.’

मी ती ओळ किती वेळा वाचली माहीत नाही. ‘जेवायच्या आधी’ निघणारा माणूस मी, चौथ्या वेळी शब्दकोडं सोडवत बसलो होतो... आता सुमनला सांगायचंच, असं ठरवलं. ती हात पुसत दारात आली. मी वही तिच्यासमोर धरली. तिनं उभ्याउभ्याच वाचली. मी म्हटलं, “सुमन, त्या दिवशी माझ्या फोनवर...”

एवढ्यात पायाशी घरघर सुरू झाली. वीज आल्याबरोबर जुना काँप्युटर आपोआप जागा झाला होता. निळा पडदा, पिवळी अक्षरं. त्यानं वीज तुटली त्या मंगळवारचीच मोजणी पुन्हा उघडली, आठ केव्हाच वाजून गेल्याचं बघितलं, मेंढरं मोजली, एक कमी भरलं, आणि माझ्या खिशात घंटा वाजली. ‘हणमंत अजून उठला नाही.’

आणि त्याच क्षणी दारामागं खुंटीला अडकवलेल्या सुमनच्या पर्समध्येही वाजली.

मी पर्सकडं बघितलं, मग तिच्याकडं. दोन्ही घंटा एकदम वाजत होत्या. बंद करायला कुणाचाच हात पुढं होईना. शेवटी त्या आपोआप थांबल्या. सुमन दादांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

“त्या दिवशी माझाबी वाजला होता,” ती म्हणाली. “कणीक मळत होते. कोपरानंच बंद केला. मला वाटलं, दादा परत मेंढरं मोजतोय.”