वल्ह्याच्या मुठीचं पेन

वीतभर लाकूड लेथवर फिरत होतं, ते माझ्या देखत उभं चिरलं. निम्मा तुकडा उडून गॅलरीच्या जाळीवर आदळला, लेथ थांबला, आणि माझे व्याही चष्म्यावरचा भुसा पुसत म्हणाले, "विहीणबाई, थोडं गेलं." ते लाकूड म्हणजे आमच्या होडीच्या वल्ह्याची मूठ होती. होडी गेली, माझे मालक गेले, वल्ह्याचं पातं वाळवीने खाल्लं, आणि उरलेली एवढी मूठ मी स्वतःच्या हाताने ह्या माणसाला आणून दिली होती. तिचं पेन व्हायचं होतं, आणि त्या पेनाने मला महिन्याच्या आत एक सही करायची होती. मी म्हटलं, "थोडं गेलं, तर बाकीचं कुठाय ते दाखवा."

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला राहतात. एवढा संथ माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि मी कोलशेतची, खाडीच्या गाळातून चालणारी माणसं पाहत मोठी झालेली. त्यांनी जन्मभर जवळच्याच एका कारखान्यात लोखंडाचे भाग केसाच्या मापाने घासायचं काम केलं. नोकरी संपली, पण मापं काही सुटली नाहीत. लोक सदऱ्याच्या खिशात चष्मा ठेवतात, हे जबड्याची मोजपट्टी ठेवतात, वस्तू चिमटीत धरून जाडी मोजायची. एका दिवाळीत त्यांनी ताटातल्या दोन चकल्या मोजल्या आणि पाहुण्यांसमोर सांगितलं, "ह्या दोन एका हाताच्या नाहीत." खरंच नव्हत्या. अर्ध्या शेजारणीने पाडल्या होत्या. त्यानंतर त्यांची बायको, म्हणजे माझ्या विहीणबाई, दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ते त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं.

पहिल्यांदा ते आमच्याकडे आले ते लग्नाच्या बोलणीला. त्यांच्या घरात मासा शिजत नाही, आमच्या घरात माशाशिवाय काही शिजत नाही. मुलामुलीने आधीच ठरवून टाकलेलं, त्यामुळे दोन्हीकडची माणसं चहाचे कप धरून भिंतीकडे बघत बसली होती. व्याही मात्र उठले, मोरीपाशी गेले आणि माझी मासे कापायची सुरी उचलून उजेडात धरली. "हिला धार कोण लावतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"किती अंशात धरता?"

"पापलेट कापलं जाईल इतक्या."

त्यांनी अंगठ्याच्या नखावर धार तपासली आणि आपल्या बायकोला म्हणाले, "इथली मुलगी करायला हरकत नाही." माझ्या मुलीकडे त्यांनी तोवर नीट पाहिलंही नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅलरीत एक छोटा लेथ बसवला आणि लाकडाची पेनं करायला घेतली. तुळशीचं खोड, मोडक्या पाटाचा पाय, कोणाच्या आजोबांची काठी, काहीही चालतं. आत पितळेची नळी, टोकाला बारीक गोळी, आणि पोटात बोटाच्या पेराएवढी शाईची कांडी. तिला ते कार्ट्रिज म्हणतात. संपली की काढून टाकायची, दुसरी खुपसायची. शाई दौतीतल्यासारखी पातळ, म्हणून कागदावर दाबावं लागत नाही, नुसतं टेकवलं की चालतं. हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

पण पेन मागितलं आणि मिळालं असं तिथे होत नाही. आधी हात द्यावा लागतो. ते कणकेचा गोळा माणसाच्या हातात देतात, लिहायला धरतो तसा धरायला लावतात, आणि बोटं जिथे रुततात तिथलं माप घेतात. मग तो गोळा परातीत परत जातो. विहीणबाई म्हणतात, "आमच्या पोळ्यांत सगळ्या सोसायटीची बोटं आहेत. माझा हात मात्र लग्नात धरला तेवढाच." एकदा ठाण्याचे कोणी साहेब गाडी घेऊन पेन करून घ्यायला आले. ह्यांनी विचारलं, "लिहिता काय?" साहेब म्हणाले, सह्या करतो, दिवसाला दोनशे. "मग तुम्हाला पेन कशाला, शिक्का करून घ्या," म्हणून चहा पाजून परत पाठवलं.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालणं आलं, तोंड सरळ झालं, पण अंगठा आणि दोन बोटं आळशी राहिली. त्याच सुमाराला आमच्या नातीचं लग्न ठरलं, म्हणजे तिनेच ठरवलं. रजिस्टर लग्न, महिन्याची नोटीस, तीन साक्षीदार. ती म्हणाली, "एक साक्षीदार कोलशेतची आजी." जावई म्हणाला, "अगं, त्यांना सही जमत नाही आता. अंगठा लावतील, चालतं." तो चांगलाच आहे, पण त्या दिवशी मला तो आवडला नाही. मी चौथी पास आहे. पाचवीच्या वेळी डोक्यावर टोपली आली. पण बाजारात, बँकेत, सोसायटीत जिथे जिथे बायका अंगठे लावायच्या, तिथे मी सही केली. निम्म्या बायकांचे कागद मी वाचून दिलेत. नातीच्या लग्नात अंगठा लावायचा असेल तर मी घरीच बसेन, असं मी सांगितलं.

मी व्याह्यांना विचारलं, "मला पण सहीच करायचीय. मलाही शिक्का सांगणार का?"

"तुमचं वेगळं आहे," ते म्हणाले. "साहेबांना येत होती." मग कणीक आली. पेनाएवढी कांडी माझ्या हातातून निसटत राहिली. तासभर हे माझ्या बोटांकडे बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "विहीणबाई, कशाला धरलं की तुमची मूठ बसते?"

मी विचार न करता म्हटलं, "वल्ह्याला."

असं ते लाकूड कोलशेतहून डोंबिवलीला आलं. पस्तीस-चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात भिजलेलं. ते मऊ होतं, दमट होतं, आणि मी बजावलं होतं, घाई करू नका. जन्मात कधी घाई न केलेल्या माणसाला हे सांगायची गरज नव्हती. पण ह्यांनी नोटिशीचे दिवस मोजले, आणि वाळायला वेळ नाही म्हणून विहीणबाईंच्या केकच्या ओव्हनमध्ये ती मूठ दोन तास भाजली. बाहेरून टणटणीत झाली, आतून खार तसाच. लेथवर चढली आणि चिरली. आयुष्यात एकदाच घाई केली, ती माझ्यासाठी, आणि तीही अशी.

"चूक माझी," ते म्हणाले. हात मांडीवर ठेवून बसले होते. मोजपट्टी खिशातून काढलीसुद्धा नाही.

"तुमचीच," मी म्हटलं. "आता सरका." उरलेल्या भागात चार बोटं लाकूड धड होतं. ते मी पदरात बांधून घरी नेलं आणि गोड्या पाण्याच्या बादलीत टाकलं. रोज पाणी बदललं, आणि खारटपणा गेला की नाही ते जिभेला लावून पाहिलं. नवव्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवलं, फडकं हळूहळू सुकू दिलं. होडीचं लाकूड आम्ही असंच दुरुस्तीला काढतो. ह्याला पट्टी लागत नाही. रोज संध्याकाळी व्याह्यांचा फोन यायचा, "कसं आहे?" जणू दवाखान्यात कोणी ठेवलंय. मी सांगायचे, "पाणी पितंय."

नोटीस संपायला पाच दिवस असताना मी ते परत नेलं. ह्या वेळी ते इतके हळू चालले की मी मध्ये जेवून झोप काढून उठले. पेन झालं ते पेन कसलं, पोरीच्या खेळातलं लाटणं. मागे जाड, मुठीत बसणारं. उरलेला भुसा त्यांनी डबीत घालून मला दिला, आठवण म्हणून. भुशाचं मी काय करणार? अंघोळीच्या बंबात टाकला.

रजिस्टर ऑफिसात कारकून मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता शाईचा पॅड पुढे सरकवला. "आजी, डावा अंगठा."

"ताई, मी लिहिणार आहे," मी म्हटलं.

"लवकर करा हं, मागे तीन लग्नं आहेत."

मागून व्याही म्हणाले, "घाई करू नका." मी मूठ आवळली, टोक टेकवलं आणि सही केली. शाई आपली आपण चालली. त्या कारकून मुलीने पेन बघायला मागितलं, तर हे म्हणाले, "उपयोग नाही, ते एकाच हाताला बसतं."

बाहेर आल्यावर त्यांनी ते परत मागितलं. टोपण केसभर सैल आहे म्हणे. मी दिलं नाही. दिलं असतं तर अजून तिथेच असतं. आता त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. मोजपट्टी ते धरतात, आकडे नातजावई वाचून सांगतो. त्या पोराला वेळ बराच आहे, आणि त्याला हळू बोलायला आवडतं, तेव्हा दोघांचं जमेल.

रजिस्टरात साक्षीदारांच्या तीन सह्या आहेत. एक नवऱ्यामुलाच्या मामाची, एक व्याह्यांची, आणि तिसरी जरा वर चढलेली, पण वाचता येते. ते वल्हं आमच्या घरात चौघांनी मारलं. सासऱ्यांनी, मोठ्या दिरांनी, मालकांनी आणि मी. त्यांतली आता मीच आहे.