पाण्यावाचून हळदीचे समीकरण

हिंगोलीच्या एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवले. रिग्रेशन हा माझा विषय. उत्पन्नासारखी एखादी गोष्ट कोणकोणत्या कारणांवर किती अवलंबून आहे, याचे समीकरण मांडायचे. ज्या कारणाचा परिणाम आकड्यांत सिद्ध होत नाही, ते वगळायचे. मात्र एका वेळी एकच कारण वगळायचे आणि समीकरण पुन्हा मांडायचे. हा नियम मी फळ्यावर चौकट आखून लिहीत असे. तो मोडणाऱ्याची उत्तरपत्रिका मी पुढे वाचत नसे.

मी निवृत्त झाल्यावर सुनेने हळदीच्या उत्पन्नावर पीएच.डी. धरली. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालची गावे आणि तांडे फिरून तिने नोंदी गोळा केल्या. विद्यापीठाच्या समितीने तिला एकदा परत पाठवले होते. पुन्हा पाठवले असते, तर वर्ष वाया जाणार होते. सोमवारी समितीपुढे समीकरण ठेवायचे होते आणि शनिवारी तिला शाळेत शिकवायला जायचे होते. मी म्हणालो, "हे मी करून ठेवतो." तिने नको म्हटले नाही. आमच्या घरात मला नको म्हणण्याची पद्धत नाही.

कागदावर या कामाला मला दोन दिवस लागले असते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कारणासमोर एक चौकोन असतो. त्यातली खूण काढली की कारण गेले. नऊ कारणांपैकी पाचांचे पी-मूल्य मर्यादेबाहेर होते, म्हणजे त्यांचा परिणाम सिद्ध होत नव्हता. मी पाचही खुणा एका दमात काढल्या. त्यात मला झालेला आनंद वयाला शोभणारा नव्हता.

रविवारी तांड्यावरचे एक शेतकरी सुनेला बेणे दाखवायला आले. त्यांच्या रानाच्या नोंदीही तिच्या आकड्यांत होत्या. सून बाहेर गेली होती, म्हणून मी त्यांना निष्कर्ष ऐकवला. बेणे, शेणखत, लागवडीची वेळ आणि जमिनीची खोली यांवर उत्पन्न ठरते.

"अन् पाणी?"

"पाण्याचा परिणाम लक्षणीय नाही."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मंग मोटार इकून टाकू का, सर?"

"आकडे तसे सांगतात."

"आकड्याला पाणी लागत नसंल. हळदीला लागतंय."

ते गेल्यावर मी पुन्हा संगणकापुढे बसलो. नोंदींत पाण्याची दोन कारणे होती: कालव्याच्या पाळ्या आणि मोटारीचे तास. कालवा सुटला की विहिरी भरतात आणि मोटारी अधिक चालतात. दोन्ही कारणे एकच साक्ष देत होती, म्हणून शेजारी उभी असताना प्रत्येक अनावश्यक वाटत होते. मी दोघांनाही घालवले होते. आता पाचही खुणा परत केल्या आणि फक्त पाळ्या वगळल्या. मोटारीचे तास सर्वांत वजनदार ठरले.

संध्याकाळी सुनेला बोलावले. सॉफ्टवेअरवर ठपका ठेवणारे एक वाक्य माझ्याजवळ तयार होते. बांधणीही चांगली होती. ते गिळून म्हणालो, "मी पाचही एकदम काढली. चूक माझी."

"मला कालच दिसलं होतं, मामा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या लेकानं लग्नाआधीच बजावलं होतं, बाबांची बेरीज तपासायची न्हाई."

"आणि उद्या समितीसमोर काय सांगणार होतीस?"

"हेच. हळदीला पाणी लागत न्हाई म्हणून."

ती हसत नव्हती. मला दुरुस्त करण्यापेक्षा वर्ष गमावणे तिला सोपे वाटले होते. मी खुर्ची तिला दिली आणि शेजारी स्टुलावर बसलो.

उरलेली कारणे ती एकेक करून तपासू लागली. एका ठिकाणी ती चुकते आहे असे मला वाटले. मी तसे सांगितले.

"थांबा जरा, मामा."

मी थांबलो. ती चुकलेली नव्हती.