सहाजणांचा तंबू आणि गाडीतली सून

"भाऊ, बॅगा कुठं ठेवाच्या जी?"

टेकचंद तंबूच्या दारात वाकून उभा होता. एका हातात बूट, दुसऱ्या हातात आईची पिशवी. आत सहा गाद्या काठाला काठ लावून टाकलेल्या. पाय ठेवायला जागा नाही.

"गाडीत ठेवा," मी म्हणालो. नेहमीचंच उत्तर.

नागझिऱ्याच्या गेटाजवळ एका खाजगी कॅम्पसाइटवर मी मॅनेजर आहे. तंबू, जेवण, सफारीची जिप्सी, सगळं माझ्याकडे. आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगतो. तंबूवर 'सिक्स पर्सन' असं छापलेलं असतं. हा पर्सन म्हणजे दोनेक फूट रुंदीची पट्टी. त्याच्याजवळ बॅग नसते. तो कूस बदलत नाही, त्याचे गुडघे दुखत नाहीत, लघवीला तो उठत नाही. अशा सहा पट्ट्या शेजारी शेजारी टाकल्या की सहाचा तंबू भरला. हाडामांसाच्या माणसांसाठी त्या सहातून दोन वजा करावे लागतात. धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. मीही सांगत नव्हतो.

हे देवरीकडचं शेतकरी कुटुंब. टेकचंद, त्याची बायको लीला, दोन पोरं, म्हातारी आई आणि टेकचंदचे मोठे भाऊ. सहल लीलाच्या हट्टामुळे निघाली होती. आल्याआल्या चहा घेताना ती मला म्हणाली, "माहेरी जातानी बसमधून जंगलाचा बोर्ड दिसते भाऊ. लग्न झाल्यापासून बोर्डच पाहून राहिली मी. आता आतमधी जाऊन पाहीन." पहाटेच्या सफारीत तिची सीट होती. भाताच्या रोवणीपासून तिची कंबर दुखत होती, तरी ती आली होती.

आता भासऱ्याचं सांगायला हवं. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर सून डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्या खाटेवर बसत नाही. एका खोलीत त्याच्यासमोर आडवी होणं तर दूरच. शहरातल्या वाचकांना हे जुनाट वाटेल. वाटू द्या. माझी स्वतःची बायको माझ्या मोठ्या भावासमोर अजून खुर्चीवर बसत नाही. ती सहा माणसं गाडीतून उतरली तेव्हाच मला कळलं होतं, की ही एका तंबूत झोपू शकत नाहीत.

स्टोअरमध्ये तीन-तीन माणसांचे दोन लहान तंबू पडून होते. पण शेठचा हुकूम होता. शेठ नागपूरला असतात, कॅम्प फोनवरून चालवतात. "फॅमिली को बड़ा ही देना. छोटे वाले कपल के लिए रखना."

जेवणं झाली. सगळे शेकोटीभोवती बसले. झोपायची गोष्ट कोणी काढेना. शेवटी मोठे भाऊच म्हणाले, "मी गाडीत झोपतो. मले चालते."

"मोठा मानूस गाडीत झोपन?" आई उसळली. "लोक का म्हनतीन?"

"लोक कोन हाय इथं आई? अस्वल?"

सगळे हसले. मग लीला खाली पाहत म्हणाली, "मीच जातो गाडीत. मले तं तंबूत तसंबी गुदमरल्यावानी होते."

"काऊन वं आई?" तिची मुलगी म्हणाली. "घरी तं मच्छरदानीत झोपतेस तू."

"चूप बस."

टेकचंद शेकोटीत काडी खुपसत बसला. बायको आपल्यासाठी खोटं बोलते आहे, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. मी तिथेच उभा होतो. स्टोअरची किल्ली माझ्या खिशात होती. आणि मी काय बोललो? "ताई, काच बोटभर खाली ठेवा. हवा राहील."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

गाडी लहान. मागच्या सीटवर सहाजणांचं सामान. तंबूत जागा नव्हती म्हणून मीच ते तिकडे पाठवलेलं. त्यामुळे पुढची सीट मागे पडेना. हिवाळ्याची रात्र लीलानं बसून काढली.

पहाटे जिप्सी लागली. लीला गाडीतून उतरली ती वाकलेलीच. कंबर धरली होती. जिप्सीच्या पायरीवर तिने दोनदा पाय ठेवून पाहिला. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, आतला रस्ता लय खडखडीत हाय. अशा कमरेनं नका येऊ."

"जा तुमी," ती पोरांना म्हणाली. "माह्यापायी कायले थांबता?"

एक सीट रिकामी घेऊन जिप्सी गेली.

मी तिला चहा दिला. आणि मग, लाज वाटावी अशी गोष्ट, मी लहान तंबू काढून उभा केला. म्हटलं, जरा आडव्या व्हा. तिने आत डोकावून पाहिलं.

"हा कालबी होता का भाऊ इथं?"

"होता."

"मंग काल काऊन नाही देला?"

मी शेठचं नाव घेतलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी इकडचेच ना जी?"

"हो."

ती तंबूत गेली नाही. चूल पेटली होती, तिथे जाऊन बसली.

मी शेठना फोन लावला.

"छह का टेंट, छह आदमी. तकलीफ क्या है?"

"शेठ, सून आणि भासरा होते. एका तंबूत झोपत नाहीत."

"अरे, टेंट है, ससुराल थोड़ी है!"

"दोन लहान रिकामे पडले होते."

"कोई कपल आ जाता तो?"

"आलं नाही ना."

"आ जाता तो?"

माझं डोकं सणकलं. न आलेल्या जोडप्यासाठी दोन तंबू रात्रभर सुखात पडून होते, आणि चिखलात वाकून भात रोवणारी बाई अंगाची जुडी करून काचेमागे बसली होती. वर हा माणूस मला हिशेब शिकवतो! मी वाट्टेल ते बोललो. शेठ म्हणाले, "रात को क्यों नहीं बोला?" आणि फोन ठेवला.

हा प्रश्न मात्र बरोबर होता. शेठ नागपूरचे, त्यांना भासरा काय ते माहीत नाही. मी इकडचा.

जिप्सी परतली. पोरांनी गवे पाहिले होते, अस्वल पाहिलं होतं. दोघं एकदम बोलत होती. लीला "अरे बाप्पा, खरंच?" म्हणत ऐकत होती. दुपारच्या फेरीसाठी मी गेटावर हात जोडले. फेरी फुल्ल. दुसऱ्या दिवशी पोरांची शाळा. निघताना टेकचंदने माझा हात दाबला. "मस्त व्यवस्था होती भाऊ." त्याच्या कानाखाली द्यावी असं मला वाटलं. माझ्या स्वतःच्याही.

आता बुकिंगचा फोन आला की मी आधी विचारतो, सोबत कोण कोण आहे? लोक हसतात. परवा एकजण म्हणाला, "तंबू देता का सोयरीक जुळवता?" लहान तंबू मी आता कुटुंबांनाही देतो. शेठ चिडतात, पण अजून मला कामावरून काढलेलं नाही.

तुम्ही कुटुंबासाठी मोठा तंबू घेत असाल तर आकड्यातून दोन वजा करा. घरात सून आणि भासरा असतील तर एक मोठा घेऊच नका, दोन लहान घ्या. ही माहिती त्या संध्याकाळीही माझ्याजवळ पूर्ण होती. नुसती असून तिचा कोणाला उपयोग झाला नाही.